दादाची बाजू

धाकटीला सगळे धाकटी म्हणत, आणि घरात थोरलं असं कोणी उरलं नव्हतं तरी म्हणतच राहिले. ज्याच्यामुळे नाव पडतं तो निघून जातो, नाव मात्र जागा सोडत नाही. वयाने ती पंचेचाळिशीला टेकली होती. धंदा कपड्यांचे नमुने बनवण्याचा. कारखान्यात एका दमात शेकडो शर्ट कापले जातात तेव्हा बाही कुठे वळायची, कॉलर किती रुंद, शिलाईला किती कापड सोडायचं हे आधी कोणीतरी ठरवून ठेवलेलं असतं. ते कोणीतरी म्हणजे धाकटी. पूर्वी हे काम पट्टी, पेन्सिल आणि खाकी कागदावर होई. आता कॉम्प्युटरवर होतं, आणि चुकलं तर पूर्वीपेक्षा कितीतरी वेगाने चुकतं.

कॉम्प्युटर एकच, आणि तो बहीणभावांत वाटलेला. लहानपणी दोघांनी एका खोलीत खडूची रेघ ओढून आपापलं राज्य केलं होतं. मोठेपणी तीच रेघ दादाने डिस्कवर ओढली. एका यंत्रात दोन चुली. बटण दाबलं की काळ्या पडद्यावर दोन ओळी येत, वरची दादाची, खालची धाकटीची, आणि त्यांच्याखाली दहापासून उलटे आकडे सुरू होत. तेवढ्यात बाण दाबून खालच्या ओळीवर आलं तर धाकटीची बाजू उघडे. काहीच केलं नाही तर आपोआप दादाची.

"मी थोरला आहे," हे त्याचं स्पष्टीकरण. "माझ्याकडे यायचं नसेल तर हालचाल तू करायची."

जागाही त्याने स्वतःला जास्त घेतली होती. "तुझ्या बाह्यांना अशी किती जागा लागते गं?" असं वर विचारायचा. खुर्चीसुद्धा आपल्या उंचीला चढवून तशीच सोडायचा. भाऊबंदकीला जमीनच लागते असं काही नाही.

दादा दोन वर्षांपूर्वी गेला. कामावरून आला, कॉम्प्युटरसमोर थोडा बसला, बाहेर जायला उठला, स्वयंपाकघरातल्या बहिणीला ओरडून काहीतरी सांगितलं, आणि बस स्टॉपच्या बाकावर बसल्याबसल्या संपला. बस आली, दार उघडलं, तो चढला नाही म्हणून दार बंद झालं. ड्रायव्हर नंतर म्हणाला, मला वाटलं ते दुसऱ्या बसची वाट बघतायत. धाकटीला या वाक्याचा राग यायला हवा होता. तिला ते पटलं.

निघताना त्याने कॉम्प्युटर बंद केला नव्हता, झोपवला होता. ही त्याची जुनी सवय. बटण एकदा दाबलं की त्याची बाजू उघड्या खिडक्यांसकट जशीच्या तशी डोळे मिटून घेई, आणि पुन्हा उघडली की त्याच जागी, त्याच शब्दावर हजर होई. मध्ये धाकटीने आपल्या बाजूला दिवसभर काम केलं तरी त्या झोपेला धक्का लागत नसे. दादा गेल्यावर धाकटीने ती बाजू उघडली नाही. रोज सकाळी आकडे सुरू झाले की ती बाण दाबून खाली येई. आकडे शून्यावर पोचू द्यायचे नाहीत, एवढा एकच नेम तिने आयुष्यात न चुकता पाळला.

घरात मग दोघं उरली. ती आणि बाबा. बाबा घड्याळजी. हात थरथरायला लागला तेव्हा दुकान बंद केलं, पण दुकानातली भिंतीवरची घड्याळं घरी आणली. रोज सकाळी ते एकेकाला चावी देत फिरत. घरात एकमत असं काय ते त्या घड्याळांचंच होतं. ठोके पडायला लागले की पाहुण्यांना बोलणं थांबवावं लागे. बाबांना कानाने दगा दिल्यामुळे ठोके ऐकू येत नसत, त्यामुळे ते बोलतच राहत.

अशा घरात एका सकाळी कॉम्प्युटरचं घड्याळ चुकलं.

धाकटी दूध घेऊन परत आली, कामाला बसली, तर पडद्याच्या कोपऱ्यात दुपार झालेली. चांगलं काही तास पुढे. भिंतीवरची घड्याळं एकमुखाने सकाळ सांगत होती. जेवायच्या वेळेपर्यंत कोपऱ्यातलं घड्याळ इंटरनेटला विचारून आपोआप ताळ्यावर आलं. दोन दिवसांनी पुन्हा तेच. मग तिच्या लक्षात आणखी एक गोष्ट आली. टेबलाच्या कडेला दादाने कधीतरी एक लाकडी ठोकळा बसवला होता, त्याच्यावर काळा स्पंजाचा गोळा. तो कशाला, हे तिने कधी विचारलं नव्हतं. तिने त्यात टाचण्या खोचायला सुरुवात केली होती. घड्याळ पुढे गेलेल्या दिवशी त्या टाचण्या स्पंजात नसत. बाजूच्या डब्याच्या झाकणात, डावीकडून उजवीकडे, एका रांगेत निजवलेल्या असत.

"बाबा, माझ्या टाचण्यांना तुम्ही हात लावलात का?"

"काय?"

"टाचण्या!"

"मला नकोत," बाबा म्हणाले, आणि पेपर उलटला.

कॉम्प्युटरला तर ते हातच लावत नसत. त्यांचं मत होतं की ज्या यंत्राच्या आत काही फिरत नाही ते यंत्र नव्हे, अफवा. धाकटीने विषय सोडला. पण बाणावर बोट ठेवताना तिला आता मानेमागे गार वाटू लागलं. वरच्या ओळीकडे न बघता खाली यायला ती शिकली, जसं काही घरांच्या एखाद्या खिडकीकडे न बघता माणसं पुढे जातात.

मग बाह्यांचं प्रकरण झालं. शाळेच्या गणवेशाची मोठी ऑर्डर होती. धाकटीने सकाळी बाहीचा नमुना पाठवला, दुपारी तिला बाही आखूड वाटली, तिने वाढवून पुन्हा पाठवला. कारखान्याचं यंत्र दोन नमुन्यांतला ज्याच्यावरची वेळ नंतरची तो उचलतं. सकाळी घड्याळ पुढे होतं. दुपारी ते सुधारलं होतं. म्हणजे यंत्राच्या हिशेबाने सकाळचा नमुना दुपारनंतरचा ठरला.

कारखान्याचे मास्तर म्हणजे कापणी खात्याचे मुख्य. त्यांचा फोन आला.

"बाई, मुलं हात वर करणार की नाही वर्गात?"

"का हो मास्तर?"

"हात वर केला की कोपर दिसतंय. अख्खी शाळा धुणं धुवायला बसल्यासारखी दिसेल." मग आवाज खाली आला. "हे बघा, तुमचं जुनं झालंय सगळं. आम्ही प्रोग्रॅमची नवी आवृत्ती घेतली, ती तुमच्याकडे चालत नाही. घड्याळ तुमचं भलतंच. या आठवड्यात तुमची बाजू नवी करून घ्या. नाहीतर मला दुसरीकडे बघावं लागेल. मी मालक नाही, मला वर उत्तर द्यावं लागतं."

मास्तर वाईट नव्हते. वाईट असते तर तिने भांडून घेतलं असतं. पण त्या एका कारखान्यावर ती आणि बाबा दोघं जगत होती, आणि हे मास्तरांनाही ठाऊक होतं; म्हणून तर आवाज खाली आला.

तिने वायरला बोलावलं. वायर हा दादाचा मित्र, कॉम्प्युटर दुरुस्त करायचा, आणि अंगाने असा की दारातून येताना आधी त्याची पिशवी दिसे. त्याने ऐकून घेतलं आणि हसला.

"ताई, भूतबीत काही नाही. दोन सिस्टिमचं वेळेवरून कधी पटत नाही. आतलं घड्याळ एकच, पण दादाची बाजू त्यात घरची वेळ लिहिते, तुझी बाजू ती जगाची, ग्रीनिचची समजून वर साडेपाच तास चढवते. म्हणून पुढे दिसतं. दादा असताना उठण्याआधी ती हाताने सारखी करून ठेवायचा. साधं आहे."

"मग रोज का नाही होत?"

"रोज कसं होईल? त्याची बाजू उघडली तरच होतं."

"ती कोणी उघडत नाही."

वायर हसायचा थांबला. त्याने कॉम्प्युटरकडे पाहिलं, मग धाकटीकडे. "कोणीतरी उघडतंय," तो म्हणाला. आणि खोलीत तेवढ्यात सगळी घड्याळं एकदम वाजली, त्यामुळे पुढे थोडा वेळ कोणालाच काही बोलावं लागलं नाही.

ठोके संपल्यावर वायरने उपाय काढला. "क्रम बदलतो. काही न करता तुझी बाजू उघडेल. त्याची हवी असेल तर बाण दाबावा लागेल. चुकून उघडायचा प्रश्नच मिटला."

धाकटी हो म्हणाली. इतक्या पटकन म्हणाली की तिचं तिलाच वाटलं, आपण कोणाच्या तरी तोंडावर दार लावतोय.

"आणि नवी सिस्टिम?"

"तिला जागा लागेल. जागा दादाकडून काढावी लागेल. पण तो झोपलेला आहे. आधी त्याला उठवून नीट बंद केलं पाहिजे. झोपलेल्या माणसाच्या अंगाखालची सतरंजी ओढता येत नाही. ओढली तर दोघं बिघडतात."

"बंद केलं की त्याचं तिथे जे उघडं असेल ते?"

"जाईल. फाइली राहतील. उघडं ठेवलेलं जाईल."

"आठवड्याच्या शेवटी ये," ती म्हणाली.

त्यानंतर घड्याळ एकदाही चुकलं नाही. टाचण्या स्पंजात जागच्या जागी राहिल्या. धाकटी सुटली. कामाचा वेग वाढला, मास्तरांना तिने फोन करून विनोदसुद्धा केला.

आणि घरातली घड्याळं फुटली. म्हणजे काचा नव्हे, एकमत. आधी दारावरचं मागे पडलं. मग जिन्याजवळचं. ठोके एकावर एक न पडता मागून मागून येऊ लागले, स्मशानातून लोक परततात तसे, एकेक, दुसऱ्याकडे न बघता. मोठं घड्याळ तर थांबलंच. बाबा त्याच्याखाली खुर्चीत बसून होते, मांडीवर दादाचं मनगटी घड्याळ, चावीचं, ज्याची त्याच्या पोरवयापासून बाबांनी सेवा केली होती.

"बाबा, चावी नाही दिलीत?"

"कशाला?"

"कशाला म्हणजे?"

बाबांनी मांडीवरचं घड्याळ पालथं घातलं. मग, ऐकू न येणारी माणसं बोलतात तसे, नको इतक्या मोठ्याने म्हणाले, "तो येईनासा झाला."

धाकटीने हातातलं दुधाचं भांडं खाली ठेवलं. "कोण?"

"कोण काय कोण! तुझा भाऊ. एक-दोन दिवसांआड यायचा. तू दूध आणायला गेलीस की मी बटण दाबायचो. दाबायचं आणि गप्प बसायचं, एवढंच. आकडे संपले की यायचा. तू परत यायच्या आत पुन्हा बटण दाबलं की झोपायचा." त्यांनी कॉम्प्युटरकडे हात केला. "आता बटण दाबतो, वाट बघतो, आणि बाही येते."

धाकटी तिथेच स्टुलावर बसली. तिला हसू आलं आणि ते बाहेर पडता पडता दुसरंच काही झालं. त्या एका बटणापलीकडे बाबा खरंच कॉम्प्युटरला हात लावत नव्हते. त्यांनी कधी काही केलंच नव्हतं. दादाने व्यवस्थाच अशी केली होती की काहीही न करणाऱ्याला तो भेटावा. आणि तिने ती बदलली होती.

तिने बटण दाबलं. दोन ओळी आल्या. या वेळी तिने बाण दाबला तो दादाच्या ओळीवर यायला.

दादाची बाजू जागी झाली. पडद्यावर एकच खिडकी होती, आणि तिच्यात ठिपक्यांची एक लांब रेघ. बाबा उठून आले. सरावाने त्यांनी स्पंजातल्या टाचण्या काढून झाकणात ओळीने ठेवल्या, घड्याळाचे सुटे भाग ठेवावेत तशा, आणि दादाचं घड्याळ त्या स्पंजावर टेकवलं. रेघ पुढे सरकू लागली. प्रत्येक टिकटिकीला एक ठिपका.

स्पंजाखाली माइक होता. बाबांचा कान गेला तेव्हा दादाने हा प्रोग्रॅम लिहायला घेतला होता. घड्याळ टिकटिकतं, पडदा रेघ काढतो. रेघ वर चढली तर घड्याळ पुढे धावतंय, खाली उतरली तर रेंगाळतंय. बाबांनी तेव्हा त्याला उडवून लावलं होतं. "माझा कान मेला, मी नाही."

"मी धूळ पुसत होतो, बटण दाबलं गेलं," बाबा म्हणाले. "हे निघालं. मला ऐकू येत नाही, पण दिसतं. हे बघ." त्यांनी रेघ मागे, डावीकडे सरकवली, बाण त्यांना येत नव्हता पण हे मात्र आलं होतं. "ही त्या दिवशीची. त्याने स्वतःचंच घड्याळ लावलं होतं. आणि इथे." सरळ रेघेच्या आसपास एका ठिकाणी ठिपक्यांचा शिंतोडा उडालेला होता, भिंतीवर पान थुंकावं तसा. "इथे खुर्ची सरकली. आणि हा जो दाट आहे ना, इथे तो बोलला. मग घड्याळ उचललं. पुढे सगळी माझी."

धाकटीने फोनने फोटो काढून पाहिला. फोटोत दिवा आला, तिचं कपाळ आलं, रेघ नाही आली. प्रोग्रॅममध्ये ‘जतन करा’ असं बटण होतं. तिने दाबलं. काही झालं नाही. दादाने बटण आधी रंगवलं होतं आणि त्याच्यामागचं काम पुढे कधीतरी करू म्हणून ठेवलं होतं.

"मला नेहमी वाटतं," बाबा पडद्याकडे बघत म्हणाले, "मलाच काहीतरी म्हणाला असेल. मी इथेच बसलो होतो. मला ऐकू आलं नाही."

ही खोटं बोलायची वेळ होती आणि धाकटीला ते कळत होतं. ‘येतो बाबा म्हणाला,’ एवढं पुरलं असतं. पण समोर ते ठिपके होते, आणि त्यांच्यासमोर तिला खोटं बोलवेना.

"मला म्हणाला, बाबा. मी स्वयंपाकघरात होते."

"काय म्हणाला?"

"माझ्या बाजूला हात लावू नकोस."

बाबांनी कानामागे हात नेला. तिने पुन्हा, ओरडून सांगितलं. तिच्या ओरडण्याचा शिंतोडा पडद्यावर उडाला, दादाच्याइतकाच दाट.

बाबांनी आधी त्या शिंतोड्यावर बोट ठेवलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. "लेकाचा," ते म्हणाले. "मरताना वाटणी सांगून गेला!" आणि हसता हसता ठसका लागला, आणि तोही पडद्यावर आला.

पुष्कळ वेळाने तिने त्यांना मास्तरांचं सांगितलं. आखूड बाह्या, पुढे जाणारं घड्याळ, आठवड्याची मुदत. त्यांना सर्वांत जास्त लागलं ते घड्याळाचं.

"माझ्यामुळे तुझ्या कामावर चुकीची वेळ पडत होती? आणि तू बोलली नाहीस?"

"मला काय माहीत तुम्ही आहात! मला वाटलं..."

"काय वाटलं?"

"काही नाही."

बाबांनी दादाचं घड्याळ उचललं नाही. "चालू घड्याळ उघडत नाहीत," ते म्हणाले. "आधी त्याची चावी उतरू द्यायची. स्प्रिंगमध्ये जोर असताना चिमटा घालतो तो घड्याळजी नव्हे, खाटीक. आज चावी देत नाही. आपोआप थांबू दे. मग तुझा तो तारेसारखा पोरगा येऊ दे."

तो अख्खा दिवस रेघ चालत राहिली. धाकटीने बाजूच्या टेबलावर खाकी कागद पसरून हाताने बाही काढली, कित्येक वर्षांनी. बाबा समोर बसून होते. दुसऱ्या दिवशी ठिपके फिकट झाले, एकमेकांपासून लांब पडू लागले, आणि दुपारी कधीतरी पुढचा आलाच नाही. कोरी पट्टी सरकत राहिली. दोघंही बोलली नाहीत. बोललं असतं तर दिसलं असतं. मग बाबांनी मान हलवली, आणि धाकटीने दादाची बाजू बंद केली. झोपवली नाही, बंद केली.

वायरने जागा काढली, धाकटीच्या बाजूवर नवी सिस्टिम चढवली. यंत्र पुन्हा सुरू झालं आणि थेट धाकटीची बाजू उघडली. दोन ओळी आल्याच नाहीत, आकडेही नाहीत.

"बाही आली," मागून बाबा म्हणाले.

धाकटीने वायरचं मनगट धरलं. "कुठे गेला तो?"

"ताई, सोड, मोडेल. नवीन सिस्टिम अशीच असते, येते आणि पहिली दारावरची पाटी काढते. घर आहे, पाटी पडली फक्त." त्याने खटपट केली, दोन ओळी परत आल्या. "आता सांग, वर कोणाला ठेवू?"

"जो होता त्याला."

"म्हणजे काही केलं नाही तर..."

"तोच."

"बरं. आणि वेळेचं कायमचं मिटवून टाकतो. एक ओळ लिहिली की दोघांचं घड्याळ एक."

धाकटीने बाबांकडे पाहिलं. ते थांबलेलं मनगटी घड्याळ कानाशी धरून बसले होते, ज्या कानाला ऐकू येत नाही त्या. "ते राहू दे," ती म्हणाली.

"अगं, मास्तर पुन्हा..."

"पाठवायच्या आधी मी बघून घेईन."

आता मास्तरांची तक्रार नाही. बाबा पुन्हा सगळ्यांना चावी देतात, भिंती एका सुरात वाजतात. प्रोग्रॅम वायरने असा लावून दिला आहे की दादाची बाजू उघडली की तोही उघडतो. रेघ रोज डाव्या काठापासून नव्याने सुरू होते. धाकटी दूध घेऊन येते, आधी भिंतीकडे बघते, मग पडद्याच्या कोपऱ्याकडे, वेळ सुधारते आणि मगच कामाला हात घालते.

बहुतेक दिवशी घड्याळ पुढे असतं आणि टाचण्या झाकणात. क्वचित एखाद्या सकाळी घड्याळ पुढे असतं आणि टाचण्या स्पंजात, जशा तिने खोचल्या तशा, एकही हललेली नाही. त्या दिवसांबद्दल ती बाबांना विचारत नाही. वेळ सुधारते, खुर्ची आपल्या उंचीला आणते, आणि बसते.